खुर्चीत बसण्याआधीचं एक वर्ष

मुख्याध्यापक म्हणून मी केलेली पहिली सही चुकली. पगारबिल होतं. एका सहकाऱ्याच्या वेतनवाढीचा फरक धरायचा राहिला होता, एका कपातीचं शेड्युल जोडलेलं नव्हतं, आणि मी मात्र बोट ठेवलं तिथे सही करून मोकळा झालो. बिल ते तपासणाऱ्या वेतन पथकातून परत आलं. दुरुस्त होऊन पुन्हा जाईपर्यंत एकोणीस जणांचा पगार अकरा दिवस लांबला. त्यांतल्या एकाच्या आईचं त्याच आठवड्यात साताऱ्यात ऑपरेशन होतं. तो मला एका शब्दाने बोलला नाही, पण त्याच्यासमोरून जाताना माझी मान वर होत नव्हती. बावीस वर्षं मी भूमिती शिकवली होती. पगारबिल कसं तयार होतं, हे त्या दिवसापर्यंत एकदाही बघितलं नव्हतं.

वकील सनद मिळाली तरी आधी सीनियरच्या ऑफिसात बसतो. डॉक्टर इंटर्नशिप करतो. शिक्षक होणाऱ्याला बी.एड.ला छात्रसेवाकाल असतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मुख्याध्यापक व्हायला राज्याचा परवाना लागतो, आणि त्यासाठी अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली प्रत्यक्ष शाळेत काम करावं लागतं. आपल्याकडे सेवाज्येष्ठता पिकते, वरचे सर ३१ मेला निवृत्त होतात आणि १ जूनला आपण खुर्चीत. (कितीतरी शिक्षकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली तीच. त्यामुळे दर वर्षी ३१ मेला जिल्ह्यात मुख्याध्यापकांच्या खुर्च्या भराभर रिकाम्या होतात.)

अशी उमेदवारी, म्हणजे कुणाच्या हाताखाली राहून काम शिकणं, कुणी देत नसेल तर ती आपण आपली करायची. कशी, ते सातारा जिल्ह्यातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. सांगलीतही कायदा आणि कार्यालयांची रचना हीच आहे.

आधी आपली वाट ओळखा

खासगी शाळेत असाल, मग ती अनुदानित असो वा नसो, तर तुमची वाट महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियम १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली ठरवते. ही नियमावली घरात हवी. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी आणि बी.एड. लागतं, पदवीनंतर किमान ५ वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो आणि त्यातली किमान २ वर्षं बी.एड. झाल्यानंतरची असावी लागतात. या अटी पूर्ण करणाऱ्यांत जो सर्वांत ज्येष्ठ आणि ज्याची सेवा समाधानकारक, त्याला नेमायचं, असा नियम आहे. अल्पसंख्याक संस्थांना निवडीची मोकळीक आहे, इतरांना नाही.

म्हणून पहिलं काम आजच करा: सेवाज्येष्ठता यादी बघा. ती दर वर्षी फिरते, आपण चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने सही करतो. असं करू नका. नेमणुकीची तारीख, बी.एड.ची तारीख आणि प्रवर्ग या तीन रकान्यांवर बोट ठेवून वाचा. चूक दिसली तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. यादीबद्दलच्या हरकती विचारात घेणं संस्थेवर बंधनकारक आहे, आणि वाद मिटला नाही तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. पंधरा वर्षांपूर्वी चुकलेला रकाना ऐन पदोन्नतीच्या तोंडावर दुरुस्त करायला गेलं की शाळेत दोन तट पडतात आणि ते पुढे कितीतरी वर्षं बुजत नाहीत.

संस्थेच्या अनेक शाळा असतील तर यादी संस्थेची असते, शाळेची नव्हे. रयत शिक्षण संस्थेचं मुख्य कार्यालय साताऱ्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी ती सुरू केली. तिच्या शाळांना शाखा म्हणतात आणि त्या शाखा जिल्ह्याबाहेरही दूरवर पसरल्यात. अशा मोठ्या संस्थेत कोरेगावच्या माणसाला मुख्याध्यापक म्हणून पहिली ऑर्डर रायगड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातली येऊ शकते. घरी हे बोलणं आधीच झालेलं बरं.

इथे शिक्षिका भगिनींना एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्येष्ठता यादीत तुमचं नाव वर आलं की कुणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, कशाला डोक्याला ताप, द्या नकार लिहून." घरची अडचण खरी असेल आणि निर्णय तुमचा असेल तर प्रश्न नाही. पण दुसऱ्या कुणाच्या सोयीसाठी त्या कागदावर सही करू नका. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव आपल्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बाई बसणं या मातीला नवं नाही.

जिल्हा परिषदेची वाट वेगळी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर गेला, किंवा सहावी ते आठवीचा १०० च्या वर गेला, तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचं पद धरलं जातं. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळांना हा पट कुठून यायचा? तिथे दोघांतला एक जण प्रभारी असतो. कधी कधी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी चार्ज गळ्यात पडतो. गावाकडे पोराला पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडतात. इथे भोपळाही नसतो. अशा शिक्षकांनी पुढचं सगळं वर्षभर न थांबता पहिल्याच सहामाहीत उरकावं.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकाला पदोन्नतीसाठी टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणं आवश्यक झालं आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांना नोकरीत राहण्यासाठीही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायची आहे. वीस-बावीस वर्षं सेवा झालेल्यांना हे जड जातंय, ते मी जवळून पाहतो. तरी पुस्तक हातात घ्या. परीक्षा १५० गुणांची आहे आणि खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात.

मुख्याध्यापकाच्या पुढे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी ही पदं आहेत. केंद्रप्रमुखाच्या काही जागा मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेतून भरतात, म्हणजे तिथे नुसती ज्येष्ठता पुरत नाही. आणि ज्यांना शाळेतून नव्हे तर थेट प्रशासनातून सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा आहे. तिच्यातून महाराष्ट्र शिक्षण सेवेतली उपशिक्षणाधिकाऱ्यांची पदं भरली जातात.

प्रमाणपत्रांचं काय?

नवे शिक्षक हाच प्रश्न आधी विचारतात. स्पष्ट सांगतो: आपल्याकडे असं कुठलंही प्रमाणपत्र नाही की जे हातात आलं म्हणजे खुर्ची मिळाली. पण अभ्यास वाया जात नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आपल्याकडचे बरेच शिक्षक करतात, सगळे तिला डीएसएम म्हणतात. ती मराठीत आहे आणि नोकरी सांभाळून होते. इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासनाची पदव्युत्तर पदविकाही आहे. दिल्लीच्या नीपा या संस्थेच्या राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे. जिल्ह्याची डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, फलटणला आहे. तिथे प्रशिक्षण निघालं आणि शाळेतून एक नाव मागितलं की सगळे एकमेकांकडे बघतात. तुम्ही हात वर करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांनी दर वर्षी ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं म्हटलं आहे. ती सवय शिक्षक असतानाच लावून घ्या.

माझं मत विचाराल तर डीएसएम जरूर करा, पण ज्या वर्षी कार्यालयात उमेदवारी कराल त्याच वर्षी करा. पुस्तकातलं अंदाजपत्रकाचं प्रकरण आणि समोरची खरी रोखकीर्द एका आठवड्यात वाचली तर दोन्ही कळतात.

अजून बी.एड. करत असाल तर

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात शाळेतला अनुभव एकूण २० आठवड्यांचा झाला: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. हे सोळा आठवडे बहुतेक छात्राध्यापक पाठांच्या संख्येत मोजतात. माझ्या शाळेत दर वर्षी सात-आठ जण यायचे, त्यांना मी एक आठवडा कार्यालयाचा लावून द्यायचो. तुमच्या शाळेने लावून दिला नाही तर विनंती करून मागा. त्या आठवड्यात एका मुलाचा कागदाचा प्रवास समजून घ्या. प्रवेश अर्ज, जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, शिष्यवृत्ती, निकालपत्रक, शेवटी शाळा सोडल्याचा दाखला. एकच मूल घ्या, पण पहिलीपासून दहावीपर्यंतचे त्याचे सगळे कागद बघा.

नोकरीसाठी पुढे टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी (टीईटी वेगळी) आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आहेच, त्याची माहिती सगळीकडे मिळते.

कुणाच्या हाताखाली?

आपल्याच शाळेच्या मुख्याध्यापकांच्या. दुसरीकडे शोधायला जाऊ नका. त्यांचं आणि तुमचं फारसं जमत नसलं तरी हेच बरं, कारण पुढे तुम्हाला याच कपाटांतले कागद सांभाळायचे आहेत.

विचारायचं कसं, याला महत्त्व आहे. नुसतं "सर, मला कार्यालयीन काम शिकायचंय" म्हटलं की समोरच्याला वाटतं, याचा डोळा खुर्चीवर आहे. त्यापेक्षा एक काम मागा. "सर, यंदा संच मान्यतेची माहिती भरताना मी क्लार्कच्या मदतीला बसू का? शाळा सुटल्यावर बसेन, तास बुडवणार नाही." (संच मान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार, याची मंजुरी.) एक काम नीट पार पडलं की दुसरं आपोआप मिळतं. आठवड्याला दोन तास पुरतात.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. पगाराचं शालार्थ, शाळेच्या माहितीचं यू-डायस प्लस किंवा कुठल्याही पोर्टलचा पासवर्ड मागायचा नाही, कुणी दिला तरी घ्यायचा नाही, आणि ओटीपीला हात लावायचा नाही. शेजारी बसून बघायचं. दुसरं, मुख्याध्यापकांच्या वतीने कशावरही सही करायची नाही. मुख्याध्यापक सुट्टीवर आहेत आणि एक पालक दाखल्यासाठी दारात रडतोय, अशी वेळ येते. तरीही नाही. चार्ज लेखी असेल तरच.

आणि खरे गुरू दोन आहेत, ते विसरू नका: क्लार्क आणि शिपाईमामा. क्लार्कला कागदाची तारीख पाठ असते आणि मामांना गाव. एखादा मुलगा आठ दिवस का आला नाही, हे वर्गशिक्षकाच्या आधी मामांना कळलेलं असतं.

जून ते मे: एक पूर्ण फेरा

शाळेचं वर्ष उसासारखं असतं. लागण, बांधणी, तोडणी ज्या त्या वेळी. अर्ध्या वर्षाची उमेदवारी म्हणूनच पुरी पडत नाही. एक जाड वही करा आणि प्रत्येक कामापुढे लिहा: कागद कुठल्या फाइलला, तारीख कोणती, कुठल्या कार्यालयात जातो, कुठे चूक होते.

जूनमध्ये जनरल रजिस्टर. याच्याइतकं महत्त्वाचं पुस्तक शाळेत दुसरं नाही, आणि याच्याइतक्या घाईत दुसरं कुठलं भरलंही जात नाही. प्रवेशाच्या गर्दीत नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात लिहिली जाते. त्यातली एक वेलांटी चुकली तर पंधरा वर्षांनी तो मुलगा जातपडताळणीच्या खिडकीपाशी उभा राहतो. मुलगा शाळा सोडून गेल्यावर मुख्याध्यापकाला आपल्या मनाने त्या नोंदीला हात लावता येत नाही. म्हणून जन्मदाखला किंवा आधीचा दाखला समोर ठेवून एकाने वाचायचं, एकाने लिहायचं, तिसऱ्याने ताडायचं. उमेदवारीत तुम्ही तो तिसरा माणूस व्हा.

जुनी रजिस्टरंही एकदा उघडून बघा. ओबीसी जातपडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे मागतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्यातल्या जुन्या शाळांची रजिस्टरं कपाटांतून बाहेर आली. काही पानं मोडी लिपीत, काही वाळवीने खाल्लेली. ज्या शाळांनी ती प्लास्टिकच्या आवरणात, जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवली होती, त्या शाळांच्या दारातून माणसं हातात नक्कल घेऊन गेली. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात कागद टिकवणं हे मुख्याध्यापकाचंच काम आहे. आपल्या शाळेची रजिस्टरं कुठे आहेत आणि त्या भिंतीला ओल येते का, ते जुलैत स्वतः हात लावून बघा.

पोषण आहाराचा हिशोबही याच काळात शिका. पहिली ते पाचवीला रोज एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. सहावी ते आठवीची ८४ मुलं जेवली तर १२ किलो ६०० ग्रॅम. नोंदवहीतला शिल्लक साठा आणि कोठीतली पोती जुळतात का, ते महिन्यातून एकदा काट्यावर बघा. या एका सवयीमुळे पुढची अनेक संकटं टळतात.

सप्टेंबरात संच मान्यता. शाळेला किती शिक्षक मिळणार, ते इथे ठरतं. ३० सप्टेंबरचा पट, आणि तोही पोर्टलवर आधार जुळलेला. मुलगा रोज वर्गात बसतो, पण आधारवरचं नाव आणि रजिस्टरचं नाव वेगळं, म्हणून मोजणीत नाही. अशी चार-पाच मुलं निघाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो, आणि तो शिक्षक म्हणजे रोज आपल्याबरोबर डबा खाणारा माणूस असतो. तेव्हा ऑगस्टमध्येच अशा मुलांची यादी काढा, पालकांना गाठा, आधार केंद्रावर पाठवा. हे काम तरुण शिक्षकाने अंगावर घेतलं तर मुख्याध्यापक त्याला कायम लक्षात ठेवतात.

दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्याचा पट हलतो. माण-खटावची मेंढपाळ कुटुंबं मेंढरं घेऊन बाहेर पडतात, तर कराड, सातारा, वाईच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात. एकीकडे मुलं जातात, दुसरीकडे येतात. जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि येणाऱ्याला कागद नसले तरी वयानुरूप वर्गात बसवून घ्यायचं, हे नियमांत आहे. पण त्यासाठी कुणीतरी फडावर, पालांवर जावं लागतं. त्या फेरीला मुख्याध्यापकांबरोबर जा. फडावरच्या आईला शाळेत मूल पाठवायला कसं सांगायचं, हे कुठल्याही पदविकेत शिकवत नाहीत.

दहावीचे बोर्डाचे अर्ज आणि त्यानंतर तपासायला येणारी प्री-लिस्ट म्हणजे डोळ्यांत तेल घालून करायचं काम. विषयाचा सांकेतांक एका अंकाने चुकला तर मूल परीक्षेला वेगळ्याच विषयाची प्रश्नपत्रिका हातात घेऊन बसेल. प्रत्येक मुलाला समोर बसवून त्याची ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला लावा.

वेळापत्रक आखताना गावाचं पंचांग हाताशी ठेवा. डिसेंबरच्या सुमारास पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असते, तेव्हा आसपासच्या शाळांत हजेरी घटते. रंगपंचमीला बावधनचं बगाड, आणि नेमका तो महिना दहावीच्या परीक्षेचा. यात्रेच्या दिवशी सराव परीक्षा ठेवून मग मुलांवर चिडणारे मुख्याध्यापक मी पाहिलेत. तारीख दोन दिवस सरकवली असती तर मुलं आनंदाने बसली असती.

मार्चमध्ये परीक्षा केंद्रावर काम मागून घ्या. आधी पर्यवेक्षण करा, मग कधीतरी उपकेंद्रसंचालक. प्रश्नपत्रिका सांभाळणाऱ्या परिरक्षकांकडून पाकीट घेण्यापासून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील करण्यापर्यंत मिनिटामिनिटाची शिस्त असते, आणि दोनशे पालक फाटकाबाहेर उभे असतात. दडपणाखाली शांत राहायचं शिक्षण इथे फुकट मिळतं.

एप्रिल-मे हिशोबाचे. रोखकीर्द, पासबुक, डेड स्टॉक रजिस्टर, लेखापरीक्षणाचे जुने आक्षेप. क्लार्कला सांगा, मागच्या तीन लेखापरीक्षणांचे आक्षेप वाचायला द्या. शाळा कुठे घसरते, ते त्या पाच-सहा पानांत लिहिलेलं असतं. पगारबिलही एकदा शेवटपर्यंत बघा: शालार्थमध्ये माहिती भरणं, कपाती, शेड्युलं, मुख्याध्यापकाची मान्यता, मग वेतन पथक. माझ्यावर आली ती वेळ तुमच्यावर येऊ नये.

कागद संपले की माणसं

कागद वर्षात शिकता येतात. सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्याचा पाठ बघणं आणि नंतर त्याच्याशी बोलणं, हे मला पाच वर्षं जमलं नाही.

मुख्याध्यापकाला पाठनिरीक्षण करून लॉगबुकात शेरा लिहायचा असतो. कितीतरी लॉगबुकांत एकच वाक्य दिसतं: "अध्यापन समाधानकारक, फलकलेखन सुधारावे." अशा शेऱ्याने कुणाचंच भलं होत नाही. उमेदवारीच्या वर्षी असं करा. आपल्याच बरोबरीच्या एका शिक्षकाला विनंती करा की महिन्यातून एकदा मी तुमच्या तासाला बसतो, तुम्ही माझ्या बसा. शिक्षकाकडे बघू नका, मुलांकडे बघा. तिसऱ्या रांगेतल्या मुलीने चाळीस मिनिटांत किती वेळा तोंड उघडलं? उदाहरण फळ्यावर सुटत असताना किती जणांच्या वह्या कोऱ्या होत्या? हे लिहून आणा आणि बोलताना तेवढंच सांगा. "सर, मागच्या दोन बाकांवर पाच वह्या कोऱ्या होत्या" असं म्हटलं की ते सर स्वतःच पुढचा उपाय सांगतात. "तुम्ही भराभर शिकवता" म्हटलं की त्यांचे कान तिथेच बंद होतात. मी हे शिकलो ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असलेल्या एका विज्ञानाच्या बाईंकडून.

पालकांचंही तसंच. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. सभेत त्या महिला भिंतीपाशी बसतात आणि बोलतात दोन-तीन पुरुष. उमेदवारीत दोन-तीन सभांना इतिवृत्त लिहायचं काम घ्या. कोण काय बोललं, त्याचबरोबर कोण अजिबात बोललं नाही, तेही आपल्या वहीत टिपा. पुढच्या सभेआधी त्यांच्यातल्या एकीच्या घरी जाऊन या. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, ही गोष्ट मला माझ्या शाळेत अशीच, एका आजींच्या ओसरीवर कळली. कार्यालयात त्याबद्दल एकही तक्रार नव्हती. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत आहे का, तक्रारपेटी उघडते कोण आणि कधी, हेही याच काळात विचारून घ्या. ती पेटी कुलूप गंजलेली सापडली तर चावीसाठी मामांकडे जा आणि त्याच दिवशी उघडायला लावा.

पर्यवेक्षक किंवा उपमुख्याध्यापकाचं पद मिळालं तर फारच उत्तम, ती हक्काची उमेदवारी आहे. काही जण ते "नुसतं ऑफ तास लावायचं काम" म्हणून टाळतात. ऑफ तास लावताना कोण सहकारी मनापासून जातो आणि कोण तोंड वाकडं करतो, हे ज्याला कळलं त्याला निम्मी शाळा कळली.

चार्ज घेताना

ऑर्डर आली की आनंदाच्या भरात घाई होते. चार्ज यादी तयार झाल्याशिवाय सही करू नका, जाणारे सर कितीही जवळचे असोत. त्यांच्यासाठीही तेच बरं. यादीत या गोष्टी आल्याच पाहिजेत: प्रत्येक बँक खात्याची शिल्लक आणि पासबुकाची छापील नोंद, चेकबुकातले न वापरलेले चेक क्रमांकासह (आधीच सही करून ठेवलेला कोरा चेक निघाला तर दोघांनी मिळून रद्द करायचा), जनरल रजिस्टरचा शेवटचा क्रमांक, शेवटच्या दाखल्याचा क्रमांक, कोऱ्या दाखल्यांची पुस्तकं, सेवापुस्तकांची संख्या, डेड स्टॉक, पोषण आहाराचा वजन करून घेतलेला साठा, चालू असलेली न्यायालयीन प्रकरणं, उत्तर द्यायची राहिलेली पत्रं. संगणक सुरू करून बघा. प्रयोगशाळेचं कपाट उघडून बघा. यादीच्या तीन प्रती: एक तुमची, एक त्यांची, एक कार्यालयाची. तारखेबरोबर मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर, तेही लिहा.

त्याच दिवशी कार्यभार स्वीकारल्याचा अहवाल संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. खासगी शाळेत नुसती संस्थेची ऑर्डर पुरत नाही. पगारबिलावर तुमची सही चालायला शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून सह्यांचे अधिकार मिळावे लागतात, आणि ते पत्र वेतन पथकाला आणि बँकेला नमुना सहीसह पोहोचावं लागतं. हा प्रस्ताव संस्थेकडून आधीच तयार करून घ्या: ठरावाची प्रत, ज्येष्ठता यादी, तुमच्या पात्रतेच्या प्रती आणि वरच्या कुणी नकार दिला असेल तर त्यांचं लेखी पत्र. ३१ मेला चार्ज घेणार असाल तर मेच्या पहिल्या आठवड्यातच फाइल साताऱ्याला पोहोचायला हवी. जूनचं पगारबिल तुमच्या सहीने जाणार आहे, आणि शाळेतल्या प्रत्येक घराचं त्या तारखेकडे लक्ष आहे.